पाच उडाली, सहावं थांबलं

आर्डिथ नुट्सनच्या हातचं काडतूस कधी दगा देत नाही, हे शोटो गावापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. त्याची कोणी स्तुतीही करत नसे. विहिरीला पाणी असतं तसं ते होतं.

एकतीस वर्षं ती घरामागच्या शेडमध्ये गोळ्या ओतत होती. टायरवाल्याकडून चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं डबा भरून आणायची, दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून ती वितळवायची, मेणाचा तुकडा टाकून वर आलेली मळी काढायची, चिमूटभर कथील घालायचं आणि साच्यात ओतून एकेक गोळी पाडायची. मग उडवलेल्या पितळी पुंगळ्या धुऊन-पुसून त्यांत बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टिकली, मापून दारू, आणि तोंडाशी ही घरची गोळी. नवरा दर उन्हाळ्यात कापणीची यंत्रं घेऊन दक्षिणेकडे गहू कापायला जायचा तो थंडीच्या तोंडावर परतायचा. तेवढे महिने शेड, कोंबड्या आणि चर्चमधलं समूहगान, एवढंच तिचं जग. आवाज इतका मऊ, की गाणाऱ्यांच्या रांगेत तिच्या शेजारणीलाही तो ऐकू येत नसे. लोक म्हणायचे, आर्डिथचा आवाज ऐकायचा असेल तर तिने चाप ओढेपर्यंत थांबावं लागतं.

तिचे तीन नेम होते. सकाळी कॉफीचा घोट घेण्याआधी एक स्तोत्र वाचायचं. पुंगळ्यांत दारू भरताना तोंडातून शब्द काढायचा नाही; घराला आग लागली तरी आधी हातातलं माप खाली ठेवायचं आणि मग ओरडायचं. आणि तिसरा, नव्या लॉटमधली पाच काडतुसं स्वतःच्या हाताने उडवल्याशिवाय त्यातलं एकही दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. या तिसऱ्या नेमात एकतीस वर्षांत खंड पडला नव्हता.

जूनमधल्या त्या शुक्रवारी दुपारी ती तोच नेम पाळत होती. हातात रिव्हॉल्व्हर होतं ते तिचं नव्हे, भाचीचं. ब्रिट्टा तिच्या भावाची मुलगी. नऊ खेचरांची रांग घेऊन ती डोंगरापलीकडच्या रानात पायवाटा दुरुस्त करणाऱ्या टोळ्यांना शिधा पोचवायची. त्या रानाला सगळे नुसतं ‘बॉब’ म्हणतात, घरातल्या काकाचं नाव घ्यावं तसं. गेल्या सप्टेंबरात नदीच्या उतारावर एक ग्रिझली अस्वल तिच्या रांगेत घुसलं. दोन खेचरं जायबंदी झाली. मिरचीचा फवारा वाऱ्यानं उलटा तिच्याच डोळ्यांत आला, आणि अस्वल आपल्याच मर्जीने निघून गेलं म्हणून ब्रिट्टा वाचली. हिवाळ्यात तिने हे नवं रिव्हॉल्व्हर घेतलं. मॅग्नम, म्हणजे जास्त दणक्याचं, पण वजनाला हलकं, दिवसभर छातीवर बांधून घोड्यावर बसता येईल असं. आठवड्यापूर्वी ते आत्याच्या हवाली करून म्हणाली होती, "आत्या, यात बसतील तेवढ्या जड गोळ्या करून दे. मागच्या वेळेसारखं देवाच्या भरवशावर नाही राहायचं मला."

"देवाच्या भरवशावरच राहायचं," आर्डिथ म्हणाली होती, "पण काडतुसं मी देते."

आणि तिने जीव ओतून ती केली होती. नेहमीची गोळी वजनाला अडीचशे ग्रेनच्या आसपास असते, ही तीनशेची. साचा खास मागवला होता. साठ काडतुसं शेडमधल्या फळीवर डब्यात तयार होती. वर पाच चाचणीची.

कुंपणाच्या आत तिपाईवर वेग मोजायचं यंत्र उभं होतं. दोन हिवाळ्यांमागे घेतलेलं. त्याला दोन डोळे. गोळी पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागला ते धरून यंत्र वेगाचा आकडा दाखवायचं. स्फोटाच्या धक्क्यानं ते फसू नये म्हणून आर्डिथने ते नळीपासून मोजून पंधरा पावलांवर ठेवलं होतं. कानांवर संरक्षक टोप्या, डोळ्यांवर चष्मा. चक्राच्या एका घरात एक काडतूस घालायचं, उडवायचं, जाऊन आकडा वहीत लिहायचा, परत यायचं, दुसरं घालायचं. हलकं रिव्हॉल्व्हर तळहाताला चांगलंच झोंबत होतं.

उलट्या बादलीवर बसून हॉलिस पर्विस बघत होता. हा तिचा शेजारी. वणव्यावर नजर ठेवायच्या मनोऱ्यावर तीस उन्हाळे एकट्याने काढलेला, आणि त्या तीस उन्हाळ्यांचं न बोललेलं सगळं आता बोलून काढणारा.

"किती?" त्याने ओरडून विचारलं.

"अकराशे एकोणपन्नास."

"आणि आधीची?"

"अकराशे अठ्ठेचाळीस. एक्कावन्न. सेहेचाळीस. पन्नास. आणि हे." ती वही मिटत म्हणाली. सेकंदाला इतके फूट. पाचांत मिळून फरक फक्त पाच फुटांचा.

हॉलिसने टोपी काढली. "कारखान्यातले लोक पंचवीस-तीसच्या फरकावर नाचतात. तू हे पाच फूट कुठं लिहून तरी ठेव. नेमबाजी क्लबच्या भिंतीवर लाव."

"लिहिलंय वहीत."

"वहीत कोण बघतं गं? गर्व जरा उघड्यावर करावा माणसानं, नाहीतर आत कुजतो."

आर्डिथ हसली. पण खोटं का सांगा, छाती तिचीही भरून आली होती. चौसष्टाव्या वर्षी, घरच्या शिशाच्या जड गोळीला असा एकसारखा वेग देणं म्हणजे खायचं काम नव्हे. तिने हॉलिसला चाचणीनंतर द्यायची म्हणून कबूल केलेली बारा काडतुसं तिथल्या तिथं मोजून दिली. त्याने सकाळी आणून दिलेल्या रुबार्बच्या, म्हणजे आंबट देठांच्या, दोन जुड्यांच्या बदल्यात. नेम तर पुरा झाला होता.

चार वाजता ब्रिट्टाचा ट्रक आला. मागे रिकामा ट्रेलर. उद्या पहाटे सहाला खेचरं त्यात भरून डोंगराच्या तोंडाशी न्यायची होती. पोरगी उंच, उन्हाने रापलेली, बुटांना सुकलेला चिखल. आत्याला एका हाताने कवेत घेऊन दुसऱ्या हाताने तिने टेबलावरच्या रुबार्ब घालून भाजलेल्या पायची फोड उचलली.

"हात धू आधी," आर्डिथ म्हणाली. "शिशाच्या घरात आलीयस."

"धुतलेत. परवा." ती तोंड भरून म्हणाली. "झाली का?"

आर्डिथने वही पुढे केली. ब्रिट्टाने आकडे वाचले आणि शीळ घातली.

"हॉलिसकाका, बघितलंत?"

"बघितलं? मी साक्षीदार आहे. बायबलवर हात ठेवून सांगीन."

"मग जरा हात बसवून घेते," ब्रिट्टा म्हणाली. डब्यातून सहा काडतुसं उचलून तिने चक्राची सहाही घरं भरली, कानांवर टोप्या चढवल्या आणि वीस पावलांवर टांगलेल्या लोखंडी ताटलीकडे तोंड करून उभी राहिली.

पहिली गोळी ताटलीवर टण्णकन बसली. दुसरीही. तिसरी कडेला लागून ताटली गरगर फिरली. चौथ्या वेळी ब्रिट्टाने अंगठ्याने घोडा मागे ओढला, आणि तो आलाच नाही. तिने पुन्हा ओढला. चक्र जागचं हलेना.

"अडकलं," ती म्हणाली. नळी ताटलीकडेच रोखलेली ठेवून तिने चक्र बाजूला काढायचा प्रयत्न केला. तेही निघेना.

"कचरा गेला असेल," हॉलिस म्हणाला. "नवीन बंदूक आणि नवी सून, दोघी पहिल्यांदा कुरकुरतात."

आर्डिथ आधीच तिच्याजवळ पोचली होती. तिने रिव्हॉल्व्हर आपल्या हातात घेतलं, नळी मातीच्या बांधाकडे ठेवली, मान वाकडी करून चक्राच्या पुढच्या बाजूला पाहिलं. मग खिशातली लाकडी काडी काढली, फटीतून काहीतरी हळूच मागे रेटलं, आणि चक्र बाहेर आलं. उरलेली तीन काडतुसं तिने तळहातावर पाडली.

तिन्हींच्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकल्या होत्या. एक तर एवढी, की तिचं नाक चक्राबाहेर येऊन चौकटीला टेकलं होतं.

तिने बोटाने एकेक गोळी चाचपून पाहिली. कोंबड्या खुडखुडत होत्या. हॉलिस काहीतरी बोलत होता ते तिच्या कानांवरून गेलं.

"आत्या?" ब्रिट्टा म्हणाली. "काय झालं?"

"पाठीवर ओझं असलेलं तुझं खेचर एकदम मागं उसळलं, तर ओझं कुठं जातं?"

"पुढं. मानेवर."

"मग का जात नाही?"

"शेपटीखालून पट्टा घातलेला असतो म्हणून."

"बंदूक मागं उसळते," आर्डिथ म्हणाली. "पुंगळी तिच्याबरोबर मागं येते. गोळी जड, ती तिथंच राहायला बघते. पुंगळीचं तोंड आत मुडपून मी तिला धरून ठेवलेलं असतं. तो माझा पट्टा. तो ढिला पडला." तिने एक काडतूस बोटांत धरून उजेडात फिरवलं. "एक उडालं की बाकीच्या पाचांना धक्का बसतो. दुसरं उडालं की उरलेल्या चारांना पुन्हा. तिसऱ्याला ओझं मानेवर."

"पण आज तू पाच उडवलीस ना? ह्याच बंदुकीतून?"

"उडवली." तिने उघड्या चक्राकडे पाहिलं. "एकेक करून."

बोलताबोलता तिलाच ते लख्ख दिसलं. हे यंत्र यायच्या आधी ती काय करायची? सहाही घरं भरायची, ताटलीवर पाच उडवायची आणि सहावं परत काढून डब्यात टाकायची. यंत्र आलं, आणि प्रत्येक गोळीमागे जाऊन आकडा लिहायचा म्हणून ती एकेक भरायला लागली. पाचाचा नेम पाचाचाच राहिला, पण वाट बघत बसणारं काडतूस त्यातून कधी नाहीसं झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. दोन वर्षं ती उडालेल्या गोळीची साक्ष काढत आली होती. थांबलेलीला कोणी काही विचारलंच नव्हतं. तिच्या स्वतःच्या जुन्या, वजनदार रिव्हॉल्व्हरने नेहमीच्या गोळ्यांना इतका हिसका दिला नाही, म्हणून आजवर निभावलं.

"चूक माझी आहे," ती नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली. "हॉलिस, तुझी बारा टेबलावर ठेव."

"माझी? अगं माझी बंदूक म्हणजे ऐरण. त्यात काही हलायचं नाही."

"टेबलावर."

"मी दोन जुड्या दिल्यात त्याच्या."

"जुड्या पायमध्ये गेल्या. ब्रिट्टाच्या पोटातून काढून घे. काडतुसं ठेव."

हॉलिसने कुरकुरत खिसे उलटे केले. ब्रिट्टा मात्र डब्याकडे बघत होती. "आत्या, सहाला निघायचंय मला. असं केलं तर? ह्यातली दोनच भरते. दोन दणके बसले तर अस्वल वळेल. तीनशे ग्रेन आहे, अकराशे पन्नासनं जातंय. असं मला दुसरं कोण देणार?"

"आणि नाही वळलं तर?"

ब्रिट्टाने डब्याचं झाकण लावलं.

"सप्टेंबरात किती जवळ होतं ते?"

"ह्या बादलीइतकं जवळ."

"मग हातात अडकलेलं लोखंड घेऊन तू उभी असशील आणि ते माझ्या हातचं असेल," आर्डिथ म्हणाली. "साडेचार वाजलेत. नऊपर्यंत उजेड आहे. हात धू. ह्या खेपेला खरे."

तिला काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं, आणि एकदा ठाऊक असलं की आर्डिथची चाल बदलायची. पाऊल लांब पडायचं. पहिलं काम पुंगळ्यांचं. तिने कॅलिपरने, म्हणजे लांबी मोजायच्या चिमट्याने, एकेक मोजायला घेतली आणि दहाव्या पुंगळीला मान हलवली. कितीदातरी वापरून वापरून त्यांची लांबी कमीजास्त झाली होती. मुडपायचं हत्यार एका उंचीला बसवलेलं. लांब पुंगळीचं तोंड नीट दुमडायचं, आखूड पुंगळीला ते नुसतं शिवून जायचं. तिने सहा पुंगळ्या छाटून केसाच्याही फरकाशिवाय सारख्या केल्या. गोळी बसवणं आणि तोंड मुडपणं आजवर ती काडतुसं दाबायच्या प्रेसच्या दांड्याच्या एकाच ओढीत करायची, वेळ वाचतो म्हणून. आज दोन वेगळ्या ओढी. आधी गोळी खाचेपर्यंत. मग स्वतंत्रपणे, घट्ट, त्या खाचेत पितळेची कड वळेपर्यंत.

दारू भरायची वेळ आली तसं तिने बोट ओठांवर ठेवलं. ब्रिट्टा समजली. हॉलिस दारात टेकून उभा होता. तो समजला नाही असं नाही, पण गप्प बसणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसे.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर साली वर मनोऱ्यावर एक अस्वल जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत..."

आर्डिथने न बघता हाताने माशी वारावी तसं केलं.

"...नाही, पाचव्या पायरीपर्यंत आलं. मी त्याला काय केलं असेल?"

तराजूचं पारडं स्थिर होईपर्यंत तिच्या पापणीनेही हालचाल केली नाही.

"मी त्याला माझ्या लग्नाची गोष्ट सांगितली. निम्मी ऐकून गेलं."

ब्रिट्टाने तोंडावर हात दाबला. आर्डिथचे खांदे एकदा हलले, तिने माप खाली ठेवलं, डोळे मिटून हसू ओसरू दिलं, सहाही पुंगळ्यांत दिवा धरून सगळीकडे दारू एका पातळीत आहे ना ते पाहिलं, आणि मगच पुढचं माप उचललं. शेवटची गोळी बसल्यावर ती म्हणाली, "हॉलिस, तुला काम देते. ती जुनी काडतुसं फोडायची आहेत. पोकळ हातोडी त्या खुंटीवर आहे. एकेक घालून ओंडक्यावर ठोक. गोळी सुटते. चष्मा लाव, आणि शेडपासून लांब बस."

"शिक्षा आहे का ही?"

"तपश्चर्या आहे."

सहा काडतुसं तयार झाली. आर्डिथने त्यातल्या एकाच्या बुडावर निळ्या खडूची रेघ ओढली, त्याची लांबी कॅलिपरने मोजून भिंतीवरच्या पाटीवर लिहिली. ते सहाव्या घरात. बाकीची पाच भोवती. नळी ताटलीकडे करून तिने स्वतः पाच बार लागोपाठ काढले. तळहात आता लाल झाला होता. चक्र एकदाही अडलं नाही. निळ्या रेघेचं काडतूस काढून तिने मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"सरकलंय," ती म्हणाली.

"किती?" ब्रिट्टाने विचारलं.

"कागदाच्या चार पानांएवढं."

हॉलिस ओंडक्यावरून ओरडला, "चार पानं? अगं, चक्र अडायला चाळीस लागतील! पास कर पोरीला."

ब्रिट्टाही म्हणाली, "आत्या, आता ठीक आहे की. सहाही उडतील. तूच बघितलंस."

मोहाची जागा होती ती. सहा वाजून गेले होते. तीनशे ग्रेनच्या गोळ्या ओतून, चरबी लावून, रांगेत उभ्या होत्या. वहीत तो सुंदर आकडा होता. आणि ब्रिट्टाच्या म्हणण्यात खोट नव्हती, आजच्या पुरतं ते काडतूस चाललं असतं. आर्डिथने कॅलिपर मिटला.

"तू एक बार काढशील, किंवा दोन, इशाऱ्याचे. मग उरलेली चार तशीच चक्रात ठेवून, वर दोन नवी घालशील. पुढच्या आठवड्यात पुन्हा एक. तीच चार पुन्हा धक्के खाणार. महिनाभर तू माझ्यासारखी रोज मोजत बसणार आहेस का?"

"नाही," ब्रिट्टाने कबूल केलं.

"चार पानं आज. ऑगस्टात किती होतील ते मला माहीत नाही. जे मला माहीत नाही ते मी तुझ्या छातीवर बांधणार नाही. ही बंदूक ह्या गोळीला हलकी आहे. गोळी वाईट नाही, बंदूकही वाईट नाही. जोडी जमत नाही."

"मग?"

"अडीचशे ग्रेनची. वेग थोडा कमी ठेवून. ती मी वीस वर्षं ओततेय. टोक रुंद, शिसं कडक. ती कमी पडेल असं मला वाटत नाही."

"गावात सगळे जडच घे म्हणतात."

"गावातलं कोणी जाणार आहे का तुझ्याबरोबर?"

ब्रिट्टाने बाह्या वर सारल्या. फळीच्या टोकाला हिवाळ्यात ओतून ठेवलेल्या गोळ्यांचा डबा होता, तो खाली आला. आता नमुना करून बघायला वेळ नव्हता. सहासष्ट करायची, त्यातूनच सहा उडवायची, आणि चूक निघाली तर ब्रिट्टाने उद्या नुसता फवारा घेऊन जायचं, असं आर्डिथने आधीच बोलून ठेवलं. ब्रिट्टाने फक्त मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरचा, फोड उचलतानाचा खट्याळपणा गेला होता.

पुंगळ्या छाटायचं काम आत्याने भाचीला दिलं. प्रत्येक पुंगळी मोजायची, जास्त आखूड असेल ती बाजूला. पहिल्या दहा आर्डिथने पुन्हा तपासल्या, नंतर तपासल्या नाहीत. पोरीचा हात तिच्या बापापेक्षा स्थिर होता. टिकल्या बसल्या. दारू भरायला आर्डिथ एकटी उभी राहिली आणि त्या पाऊण तासात शेडमध्ये फक्त तराजूची टिकटिक आणि बाहेरून हॉलिसच्या हातोडीचा ठोका ऐकू येत होता. पन्नास काडतुसं फोडल्यावर माणसाला बोलायला दम उरत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं. मग गोळ्या बसवणं. मग वेगळ्या ओढीने मुडपणं. प्रत्येक ओढ शेवटपर्यंत, खालच्या टोकाला टेकेपर्यंत, घाई न करता.

साडेआठला शेवटचं काडतूस डब्यात पडलं. ऊन डोंगराच्या कड्याला टेकून आडवं गवतावरून येत होतं. आर्डिथने डबा हलवून डोळे मिटून सहा उचलली. एकावर निळी रेघ.

"ह्या खेपेला मी नाही," ती म्हणाली आणि कॅलिपर ब्रिट्टाच्या हातात दिला. "तू मोज, तू लिही, तू उडव. रानात मी नसणार आहे."

"तुझा नेम?"

"माझा नेम पाळून काय झालं ते बघितलंस ना दुपारी? माझी पाच मी उद्या तू गेल्यावर उडवीन. आधी तुझी."

ब्रिट्टाने मोजलं. आकडा पाटीवर लिहिला. सहा घरं भरली, निळी रेघ शेवटच्या घरात. हॉलिस हातोडी टाकून आला होता आणि चक्क गप्प होता. यंत्राचे डोळे अजून तिपाईवर होतेच. कमी होत जाणाऱ्या उजेडात ते किती खरं बोलेल याची खात्री नव्हती, म्हणून आर्डिथने ते बंद करून टाकलं.

एक. दोन. तीन. ताटली प्रत्येक वेळी वाजली. चौथ्याला ब्रिट्टा जराशी थबकली. दुपारी इथंच अडलं होतं. घोडा मागे आला. चार. पाच.

तिने चक्र बाजूला काढलं, निळ्या रेघेचं काडतूस दोन बोटांनी उचललं आणि कॅलिपरच्या चिमटीत धरलं. पाटीकडे पाहिलं. पुन्हा कॅलिपरकडे. तिने चिमटी सोडून, काडतूस फिरवून, दुसऱ्या बाजूने धरलं.

"आत्या, हे आहे तिथंच आहे."

"नीट बघ."

"तीनदा बघितलं. केसभरही नाही हललं."

आर्डिथने कॅलिपर मागितला नाही. तिने कमरेवरचे हात सोडले आणि दुपारपासून पहिल्यांदा खुर्ची ओढून ती बसली.

"हळू जातेय जरा," हॉलिस म्हणाला. "कानाला कळतं. एक हजार पन्नास असेल फार तर. अकराशे पन्नासची शान गेली आर्डिथ."

"गेली," आर्डिथ म्हणाली. "तुला उद्या अशीच बारा करून देते."

"आणि रुबार्ब?"

"रुबार्ब आण."

ब्रिट्टा अजून ते एक काडतूस हातात धरून उभी होती. कड्यावरचं ऊन तिच्या मनगटापर्यंत आलं होतं. "हे पण डब्यात टाकू का परत?"

"नको. त्याने पाच धक्के खाल्लेत. उडवून टाक."

ब्रिट्टाने ते पुन्हा घरात सरकवलं, चक्र बंद केलं, कानांवर टोप्या ओढल्या. घोडा मागे आला, चक्र फिरलं, आणि निळ्या रेघेचं घर नळीसमोर येऊन टक्कन बसलं. ताटली मधोमध वाजली.

आर्डिथ तोवर उठून आत गेली होती, साठ काडतुसं दहा-दहाच्या खोक्यांत भरायला.